दुसरा बिल्ला

२ फेब्रुवारी, रविवार

सगळ्यात आधी आला तो लंबू. माझ्या पायातल्या चपला अजून निघाल्या नव्हत्या, पिशवीचा बंद हातातच होता, तर हा दारात मान वाकवून उभा. वाकवली नसती तर चौकटीला डोकं आपटलं असतं. लेकीच्या कामावरचा सोबती. त्याच्यामागून थोड्या वेळाने चष्मेवाली आली, तीही कामावरचीच. हा डाव्या खुर्चीवर बसला की ती मुद्दाम उजव्या. मला वाटलं यांचं भांडण आहे. मग चहा देताना बघितलं, तर त्याने आपल्या बशीतलं बिस्किट तिच्या बशीत सरकवलं. म्हटलं, भांडण नाही, लपवाछपवी आहे. लेकीला कानात सांगितलं तर ती म्हणाली, आई, तुला येऊन अर्धा तास नाही झाला. अगं, अर्धा तास पुष्कळ.

तर मी आले. जावईबापू बोटीवर नोकरीला, ते उन्हाळ्यापर्यंत येत नाहीत, आणि लेकीला काम इतकं की तिला जेवल्याचं आठवत नाही. म्हणून मला बोलावलं. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट आहे, तिला आरसा आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली लावलेल्या गाड्यांची टपं दिसतात. मधे एक लांब बोळ आणि बोळाच्या टोकाला लेकीची कामाची खोली.

आणि माझी चिऊ. सहा वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले, वेणीला लाल रिबीन, तोंड दिवसभर चालू. माझ्यावर गेलीय म्हणतात. ही वही तिनेच दिली. तिला शाळेतून रोज पाच ओळी लिहायला सांगितल्यात, तिने अट घातली की आजीनेही लिहायचं, नाहीतर ती लिहिणार नाही. मी चौथीत शाळा सोडली. लिहायला आवडतं, पण आपलंच लिहिलेलं वाचायला गेलं की अक्षरं एकमेकांत घुसतात, म्हणून मागचं पान मी कधी उलटत नाही. चिऊ म्हणाली, आजी, तुझ्या पाच ओळी कधीच्या संपल्या. म्हटलं, माझ्या ओळी मी मोजत नाही.

एक गंमत सांगायची राहिली. कामाच्या खोलीच्या दाराबाहेर खिळा आहे, त्यावर लाकडी लाल बिल्ला अडकवलेला असतो, बशीएवढा. ज्याला आत जायचं त्याने बिल्ला हातात घ्यायचा आणि आत जायचं. बाहेर आलं की परत खिळ्यावर. बिल्ला खिळ्यावर नसेल तर आत कोणीतरी आहे, दार वाजवायचं नाही, हाक मारायची नाही, शेजारच्या स्टुलावर बसून थांबायचं. चिऊ सारखी मधे घुसायची म्हणून लेकीने ही युक्ती काढली. घरात तीन माणसं आणि ऑफिससारखी शिस्त. मला फार हसू आलं.

३ फेब्रुवारी, सोमवार

लेक नेमकं काय करते ते आज वाटाणे सोलताना विचारून घेतलं. सगळ्या संगणकांच्या पोटात म्हणे एक मुख्य प्रोग्राम असतो, बाकीचे सगळे त्याच्या जिवावर चालतात. म्हटलं, म्हणजे घरातली मोठी सून. ती म्हणाली, अगदी तेच. दवाखान्यातल्या यंत्रात तो, लिफ्टमध्ये तो. त्यात कुठेकुठे सुधारणा करायच्या ते लोक जगभरातून लिहून पाठवतात, हिने वाचायचं आणि हो किंवा नाही म्हणायचं. चिऊ मधेच म्हणाली, आई लोकांना नाही म्हणायचा पगार घेते.

हिच्याकडे कुलपांच्या सगळ्या सुधारणा येतात. आत म्हणे एकाच वेळी पुष्कळ कामकरी धावत असतात. मला समजेना, तेव्हा तिने फ्रिजवरचा चिऊचा फळा दाखवला, त्यावर दुधाच्या बाटल्या लिहितात. म्हणाली, समज फळ्यावर आठ आहे. तू एक बाटली घेऊन आलीस, मी एक. दोघींनी एकदम बघितलं, आठ. दोघींनी मनात एक मिळवला. तू पुसून नऊ लिहिलंस, मी पुसून नऊ लिहिलं. बाटल्या दोन आल्या, फळ्यावर एकच वाढली. मी म्हटलं, मग दुसरी गेली कुठे. ती म्हणाली, कुठेच नाही, आई. चोरी नाही, सांडली नाही. फळ्याच्या मते ती आलीच नव्हती. म्हणून फळ्याला कुलूप, एका वेळी एकीनेच आत जायचं.

कुणास ठाऊक का, वाटाणे सोलताना माझे हात जरा थांबले.

सध्या एकाने एक कुलूप काढून टाकायची सुधारणा पाठवलीय. त्याच्या नावाच्या जागी नुसता ठिपका आहे. मी त्याला ठिपकेराव म्हणते. तो लिहितो, या जागी दुसरं कोणी येत नाही, मग कुलपात वेळ कशाला घालवायचा. लेक नाही म्हणतेय. काम सुबक आहे म्हणते, पण काहीतरी खटकतंय.

५ फेब्रुवारी, बुधवार

लेकीने ठिपकेरावांना विचारलं होतं, तिथे दुसरं कोणी येत नाही हे तुम्हाला कसं माहीत. आज उत्तर आलं. मी इथेच असतो, एवढंच. लेक हसली, पण ताटावर बसून तिने एक घास वीस वेळा चावला.

आणि आज मी एक कामगिरी केली. झालं असं, की दुपारी चिऊ स्टुलावर बसून रडत होती. आईला पडलेला दात दाखवायचा होता, तिसरा. बिल्ला खिळ्यावर नाही, म्हणून बिचारी हाकही मारेना. मूल ते, आणि आई भिंतीपलीकडे. मला ते बघवेना. चिऊच्या जुन्या खेळण्यात तशीच एक लाकडी चकती होती. लेकीची नखांना लावायची लाल शाई तिच्यावर दोनदा फिरवली, भोकातून दोरा ओवला. हुबेहूब. चिऊलाही वाटलं हा आईचाच.

नीट झाला का बघावं म्हणून मीच आधी तो घेतला आणि दार लोटून आत पाऊल टाकलं. लेक पाठमोरी होती, कान झाकून बसलेली, तिला पत्ताच नाही. तिच्या त्या फिरत्या खुर्चीला कुरकुर आहे, तेल घालायला हवं. एवढं बघून मी परत आले आणि बिल्ला खिळ्यावर अडकवला. मग चिऊ तो घेऊन आत गेली, दात दाखवून पापा घेऊन आली. किती सोपं. मला वाटतं, आपल्या आयांनी एवढी शिस्त लावली असती तर आपण कोणी बोलायलाच शिकलो नसतो.

लेकीला अजून सांगितलं नाही. तिला वाटलं चिऊने शिस्त मोडली, आणि तिने आजच्यापुरतं सोडून दिलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज फुटलं. लेक पाणी प्यायला स्वयंपाकघरात आली, घोटभर पाण्यापुरता बिल्ला ती खिळ्यावर लावत नाही, हातातच होता. मी चिऊची वेणी घालत होते. चिऊ म्हणाली, आई, तुझा कुठला, आजीने केलेला की जुना.

लेकीने पाण्याचा पेला ओट्यावर ठेवला. म्हणाली, आई, चार दिवस मी त्या माणसाला हेच नाही म्हणतेय, आणि तू माझ्याच घरात करून बसलीस. मग तिलाच हसू आलं, माझ्या गालाला हात लावला, म्हणाली, जा, काढून टाक तो.

मी गेले. खिळा मोकळा होता.

लेकीचा तिच्या हातात. चिऊ माझ्यापाशी. माझ्याकडे नाही. घरात आम्ही तिघी. आणि दाराआड खुर्ची कुरकुरली.

मी हाक मारली तर लेक आली, खिळ्याकडे बघितलं, आणि बाई गं, काय सांगू, ती स्टुलावर जाऊन बसली. आपल्याच खोलीच्या बाहेर. सवयीने असेल.  थोड्या वेळाने तिचं तिलाच विचित्र वाटलं असावं, उठून तिने दार उघडलं. मी उंबऱ्याबाहेरच उभी होते. आत कोणी नाही. खुर्ची मात्र हळूहळू फिरत थांबत होती.

संगणकावर ठिपकेरावांच्या सुधारणेखाली लेकीच्या नावाने हो लिहिलेलं होतं. तिने लिहिलं नव्हतं. ती सारखी तेच म्हणत होती, मी पाणी पीत होते ना, आई, मी तुमच्यासमोर पाणी पीत होते.

दुसरा बिल्ला घरभर शोधला. नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

लंबू आणि चष्मेवाली आले. या वेळी दोघं शेजारी बसले, बिस्किटाला कोणी हात लावला नाही. मी चहाचं विचारलं तर लंबू म्हणाला, आजी, नंतर. पोरगा चहाला नाही म्हणाला तेव्हाच मी समजले.

त्यांचं बोलणं अर्धं कळलं. हो म्हटल्यावर ती सुधारणा पुढे निघून गेली, ती आता इथून परत घेता येत नाही. जिथे ते मुख्य यंत्र आहे तिथे जाऊन हाताने काढावी लागेल. दोघं जाणार आहेत. पुढच्या रविवारी, सोळा तारखेला परत येतो म्हणाले.

चष्मेवालीला मी माझं सगळं सांगितलं, बिल्ल्याचंही. मला वाटलं म्हातारीला हसेल. हसली नाही. माझा हात घट्ट धरून म्हणाली, आजी, रविवारपर्यंत त्या खोलीत कोणी जायचं नाही. एक बिल्ला अजून आतल्या कोणाकडे तरी आहे, तो खिळ्यावर परत येईपर्यंत आत जाणारा दुसरा ठरेल, फळ्यावरच्या त्या दुसऱ्या बाटलीसारखा. आणि जोड्यात पाय घालताना परत वळून म्हणाली, चिऊला सांभाळा. चिऊला दाराकडे फिरकू देऊ नका.

१० फेब्रुवारी, सोमवार

लेक माझ्यासमोर कपडे घडी करत होती. बोळातून बटणं दाबल्याचा आवाज येत होता, भरभर, तिच्यासारखाच, मधे थांबून एकदा जोरात. तिने ऐकलं, मी ऐकलं. ती म्हणाली, यंत्र आपलं आपण काहीतरी तपासत असेल. मी म्हटलं, असेल. उशीची खोळ तिने तीनदा घडी केली आणि तीनदा उलगडली.

चिऊला शेजारच्या बाईंकडे खेळायला पाठवलं. ती म्हणाली, त्यांचं मांजर बोचकारतं. म्हटलं, बोचकारू दे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी लेक दिसली नाही. खिळा मोकळा. मला राग आला, एवढं सांगून आत गेलीच ना. चहाचा कप स्टुलावर ठेवला, तसं दार फटीएवढं उघडलं आणि हात आला. तिचाच. अंगठ्यावर लहानपणी इस्त्री लागलेला डाग. कप घेतला, दार लागलं.

स्वयंपाकघरात आले तर लेक नळाशी. हात ओले, केस ओले, नुकती न्हालेली. म्हणाली, आई, माझा चहा कुठे. जुना बिल्ला तिच्या गळ्यात दोऱ्याने बांधलेला. कोणी घेऊ नये म्हणून तिने रात्रीच काढून ठेवला होता.

मी तिच्या अंगठ्याकडे बघत राहिले.

१२ फेब्रुवारी, बुधवार

चिऊ शाळेत. दाराबाहेर बसून आतलीला विचारलं, तुझ्या लहानपणी माझा चष्मा मोडला तेव्हा तू काय केलंस. बाहेरची माझ्यामागे उभी, ऐकत. आतून उत्तर आलं, पिठाच्या डब्यात लपवला, आणि तू मांजराला ओरडलीस. बाहेरचीचे ओठ तेच म्हणत होते. शब्दाला शब्द. गुरुवारपर्यंतचं सगळं दोघींना ठाऊक. का नसेल. गुरुवारपर्यंत एकच होती.

मग माझी लेक, माझ्या मागची, बारीक आवाजात म्हणाली, आई, मी तीच आहे ना.

मी लगेच हो म्हटलं. तर दाराआडूनही आलं. आई, मी तीच आहे ना.

तिलाही हो म्हटलं मी. काय करू — आवाज माझ्या पोरीचा —

१३ फेब्रुवारी, गुरुवार

माझी चूक. डोळा लागला दुपारी, जरासा. लेक न्हाणीघरात, जाताना सवयीने बिल्ला गळ्यातून काढून खिळ्यावर. चिऊ शाळेतून आली. चौथा दात हलत होता, आईला दाखवायला — बिल्ला खिळ्यावर, म्हणजे जायला हरकत नाही. तिने शिस्त पाळली. पोरीने काही चुकीचं केलं नाही.

दार लागलेलं ऐकून लेक धावली. तशीच, ओली. मी ओरडले, थांब, दोघी एकदम नको. ती म्हणाली, माझी मुलगी आहे आत. गेली.

दोन आवाज. एकसारखे. मग एकच.

एकटी बाहेर आली. दोन्ही बिल्ले हातात, दोन्ही खिळ्यावर लावले. केस कोरडे. दार नीट ओढून घेतलं. म्हणाली, आई, भूक लागली, आज किती दिवसांनी डोकं हलकं वाटतंय. ठिपक्याचं बरोबर होतं बघ, तिथे दुसरं कोणी येतच नाही.

मी विचारलं, चिऊ.

ती म्हणाली, कोण चिऊ.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

छोटे बूट नाहीत. दात घासायचा ब्रश नाही. फळ्यावर दुधाचा आकडा कमी.

जावईबापूंचा फोन. मी हिसकावून घेतला. विचारलं, चिऊशी बोलायचं का. ते म्हणाले, कोण, आई? आवाज नीट येत नाहीये.

शेजारच्या बाई म्हणाल्या, तुमच्याकडे मूल आहे? मांजर बोचकारल्याचं विचारलं तर त्यांनी मांजराला उचललं आणि दार लावून घेतलं.

मला आठवतं. मी एकदाच आत गेले, दार लोटण्यापुरती — बाहेरची मी अजून बाहेरच आहे, म्हणून आठवत असेल.

लेक बाजारात गेली. मी स्टुलावर. दाराला कान लावला तर आत चिऊ गाणं म्हणतेय, दात नाहीत म्हणून स चा थ. हाक मारली. गाणं थांबलं. म्हणाली, आजी, तू तर इथे आहेस. माझी वेणी घालतेयस. मग बाहेर कोण आहे?

आणि आतून कोणीतरी हसलं. मी हसते तसं.

मी म्हटलं, चिऊ, रिबीन दे. दाराखालून लाल रिबीन आली. मनगटाला बांधली, दोन गाठी. उद्या जी कोणी उरेल ती विचारेल तरी, ही कोणाची. विचारलं पाहिजे.

लेकीचं बघितलं मी. आत गेले तर एकच बाहेर येणार. नाही गेले तर रविवारपर्यंत चिऊ तिच्यापाशी — माझ्यासारखी हसणारी —

दोन्ही बिल्ले घेते. बाहेर एकही नको. चिऊ, मी येतेय, हात पुढे कर —

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज फार छान झोप झाली. डोकं कसं हलकं. लेक म्हणाली, आई, तुला इथलं पाणी मानवलं. आम्ही दोघींनी मिळून घर झाडलं. दोघींना केवढं मोठं घर, जावईबापू आले की भरेल. ही वही ओट्यावर सापडली. अक्षर माझंच दिसतंय, पण मागचं वाचायचा मला कंटाळा, म्हणून कोरं पान काढलं.

मनगटाला कुठूनशी लाल रिबीन बांधलीय. दोन गाठी, सुटता सुटत नाहीत. लेकीला विचारलं, तिलाही माहीत नाही. कापायला कात्री काढली, आणि न कापताच परत खणात ठेवली.

बोळाच्या टोकाला दाराआड काहीतरी सारखं ठक ठक करतंय. खालच्या अंगाला, लहान मुलाच्या उंचीवर. पाइप असेल.

उद्या रविवार. लंबू आणि चष्मेवाली येणार, सोळा तारखेला येतो म्हणाले होते. बिस्किटं आणायला हवीत. जाताना चष्मेवालीने माझा हात धरून काहीतरी बजावलं होतं, तोवर सांभाळा म्हणून. कोणाला सांभाळा म्हणाली होती, तेवढं काही केल्या —